किनाऱ्यावरचे वादळाचे इशारे, बातम्यांतल्या चुका आणि आपण सोलापूरकर

बाळीवेसकर

मान्सूनचे वेध लागले की आपल्या ग्रुपांवर "महाराष्ट्रावर चक्रीवादळाचं संकट, पुढचे ४८ तास महत्त्वाचे" असे मेसेज फिरायला लागतात. इशारा कुणी दिला, कुठल्या जिल्ह्यांना दिला, कधी दिला आणि कधीपर्यंत लागू आहे, यातलं काहीच त्यात नसतं. मग आपल्याकडे ऊन पडलं की "हवामान खातं पुन्हा तोंडावर पडलं". इथे या विषयावर तुकड्या-तुकड्यांत बोलणं झालंय, म्हणून स्वतंत्र धागा काढतो.

मी शाळेत भूगोल शिकवायचो. हवामान खात्याची पत्रकं वाचायची सवय तेव्हापासूनची. अंदाज चुकतात, त्यावर जरूर बोलू. पण आपल्यापर्यंत येणाऱ्या पुष्कळशा चुका मूळ पत्रकात नसतातच. पत्रक निघाल्यापासून आपल्या मोबाइलवर येईपर्यंत मध्ये जे हात लागतात, तिथे त्या होतात. आणि समुद्राच्या इशाऱ्याशी आपला काय संबंध, असं म्हणून आपण जे वाचायचं सोडून देतो, नेमकं त्यातच आपल्या कामाचं असतं.

ऑक्टोबर २०२० आठवून बघा. बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं तीव्र क्षेत्र १३ तारखेला काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर चढलं. हैदराबाद पाण्याखाली गेलं आणि १४ तारखेला ते आपल्या डोक्यावर होतं. अक्कलकोट, मोहोळ, बार्शी, सगळीकडे ओढे-नाले फुटले. पंढरपुरात कुंभार घाटावरची भिंत कोसळून सहा जण गेले. दोन दिवस आधी काकीनाड्याची बातमी आपल्यापैकी किती जणांनी आपली समजून वाचली? ते चक्रीवादळ नव्हतं, त्याला नाव नव्हतं, त्यामुळे मराठी बातम्यांत त्याला जागाच नव्हती. पुढच्या वर्षीचं 'गुलाब' तसंच. २६ सप्टेंबर २०२१ ला आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर आलं, जमिनीवर आल्यावर त्याचा जोर ओसरला, पण त्याच ओसरलेल्या अवस्थेत त्याने मराठवाड्यात हाहाकार केला. मग अरबी समुद्रात उतरून नव्याने उभं राहिलं आणि 'शाहीन' नावाने ओमानला धडकलं.

वादळ किनाऱ्यावर आलं की टीव्हीवरची बातमी संपते. आपली तिथून सुरू होते.

हवामान खातं चक्रीवादळाचे इशारे चार टप्प्यांत देतं. ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सतर्कतेचा इशारा, २४ तास आधी प्रत्यक्ष वादळाचा इशारा. चौथा टप्पा वादळ किनारा ओलांडण्याच्या किमान १२ तास आधी येतो. जमिनीवर आल्यावर वादळ कुठल्या दिशेने जाईल आणि आतल्या जिल्ह्यांत काय होईल, हे त्यात असतं. हा चौथा टप्पा सोलापूर, धाराशिव, लातूर, कलबुर्गी अशा जिल्ह्यांसाठी आहे, आणि तोच कुणी छापत नाही, कुणी दाखवत नाही.

तुमच्या नजरेस आलेल्या चुका इथे लिहा. कोकणातली, आंध्रातली नातीगोती असणारे इथे बरेच आहेत, त्यांनी तर नक्की लिहा.

हर्णै_माहेर

काका, हा धागा हवाच होता. माझं माहेर हर्णैचं, सासर इथे जुळे सोलापुरात. वादळाची बातमी आली की मी इथे बसून दोन्हीकडच्या बातम्या बघत असते, त्यामुळे चुका लगेच खटकतात.

सगळ्यात जास्त चीड येते ती भरतीच्या बातमीची. "समुद्रात आज साडेचार मीटर उंचीच्या लाटा उसळणार." दर पावसाळ्यात ही ओळ येतेच. साडेचार मीटर ही लाटेची उंची नसते हो, ती भरतीची पातळी असते. भरतीच्या तक्त्यात एक शून्य पातळी धरलेली असते, त्यावर पाणी किती चढेल त्याचा तो आकडा. चंद्र-सूर्याच्या गणितावरून तो वर्षभर आधीच काढून ठेवलेला असतो, वाऱ्या-पावसाचा त्यात काही भाग नसतो. साडेचार मीटरच्या भरतीला समुद्र आरशासारखा शांत असू शकतो.

लाटा वेगळ्या. आणि वादळाने समुद्र फुगतो ते त्याहून वेगळं. वादळाचा वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलत आणतो आणि त्या दिवशीच्या भरतीवर आणखी पाणी चढतं. निसर्ग वादळाच्या वेळी खात्याच्या पत्रकात स्वच्छ लिहिलं होतं की मुंबई, ठाणे, रायगडला नेहमीच्या भरतीच्या वर एक ते दोन मीटर आणि रत्नागिरीला अर्धा ते एक मीटर पाणी चढेल. "नेहमीच्या भरतीच्या वर" हे शब्द गाळले की राहतं काय? "एक-दोन मीटरच्या लाटा." कोकणातला माणूस म्हणणार, एवढ्या तर आम्ही रोज बघतो. इशारा होता घरात पाणी शिरण्याचा, बातमीने त्याचं पोरखेळ करून टाकलं.

आमच्याकडे म्हातारी माणसं पहिला प्रश्न विचारतात तो तिथीचा. आज उधाण की भांग? अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती मोठी, अष्टमीच्या सुमारास भांगाची लहान. वादळ भांगाच्या ओहोटीला आलं तर निभावतं, उधाणाच्या भरतीला आलं तर पुळणीवरची होडी थेट माडांत जाऊन बसते. त्यामुळे वादळाची वेळ आणि भरतीची वेळ दोन्ही एकत्र सांगितल्या तर किनाऱ्यावरच्या माणसाला काही उपयोग. बातमीत मी त्या एकत्र क्वचितच बघते. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे आणि लांबून येणाऱ्या फुगवट्याचे इशारे काढते, गावागावांच्या किनाऱ्यांची नावं घालून. ते मराठी बातम्यांत येईपर्यंत "कोकण किनारपट्टीला इशारा" एवढंच उरतं.

दुसरं बावट्याचं. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की आमच्याकडे बोटी आत घेतात. हे नंबर वादळाच्या ताकदीचे नाहीत. १ आणि २ म्हणजे वादळ दूर समुद्रात आहे. ३ आणि ४ म्हणजे तुमच्या बंदराला त्रास होऊ शकतो. ५ ते ७ धोका, ८ ते १० महाधोका. ११ म्हणजे इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटलाय. एका बातमीत मी "११ क्रमांकाचं सर्वांत भीषण वादळ" असं ऐकलंय.

३ जून २०२० ला, निसर्गच्या दिवशी, सगळे कॅमेरे मुंबईत होते. वादळ उतरलं श्रीवर्धनच्या बाजूला. संध्याकाळी पट्टी फिरत होती, "मुंबईवरचं संकट टळलं." आणि आम्हाला हर्णैला फोन लागत नव्हता. वीज गेलेली, टॉवर बंद, रस्त्यावर झाडं आडवी. श्रीवर्धन-दापोलीकडच्या सुपारीच्या बागा जमिनीला टेकल्या होत्या. पोफळ नव्याने लावली की धरायला कित्येक वर्षं जातात. ज्यांचं खरंच गेलं त्यांची बातमी पोचायला दिवस लागले.

सीनाकाठ

ताई, काका, तुमचं बरोबर असंल. पण आमच्याकडचं पण ऐका जरा.

सप्टेंबर २०२५. आमच्या गावात त्या दिवशी म्हणावा असा पाऊस नव्हता. सीना वरनं आली. नगरकडनं, बीडकडनं, धाराशिवकडनं सगळं पाणी घेऊन आली. माढा, मोहोळ, उत्तर-दक्षिण सोलापूर, नदीकाठची गावंच्या गावं पाण्यात. लांबोटीला पुणे हायवे बंद, तिकडं विजापूर रोड बंद. ऊस गेला, जनावरं गेली, रानातली माती सुद्धा खरवडून गेली. आमच्या जिल्ह्याच्या इशाऱ्याचा रंग बघून आम्ही काय समजायचं होतं? आभाळ आमच्यावर नव्हतंच, ते वरच्या जिल्ह्यावर होतं.

आन त्यात रात्री ग्रुपवर मेसेज पडला, धरण फुटलं. खाली व्हिडिओ, कुठलं तरी जुनं धरण. बायका लेकरं उचलून अंधारात पळाल्या. आमच्या गल्लीतले एक आजोबा ओढ्याच्या कडंला पडले, पाय मोडला. धरण काय फुटलं नव्हतं. एका चॅनेलनं तोच व्हिडिओ लावला हुता, खाली "सोलापूर जिल्हा" लिहून. दुसऱ्या दिवशी गुपचूप काढला. चुकलं म्हणून एक शब्द नाही.

आन दुसरीकडं तो पिवळा अलर्ट. दिवसाआड पिवळा. रोजच पिवळं असल्यावर माणूस बघायचं सोडणार नाही का?

बाळीवेसकर

सीनाकाठ, तुम्ही जे लिहिलंय ते या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

रंगाचं आधी. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत रहा, लाल म्हणजे आता कृती करा. पावसाचे आकडे ठरलेले आहेत. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.५ आणि त्यापुढे अत्यंत जोरदार. पण रंग नुसत्या आकड्यावर ठरत नाही. शक्यता किती आणि नुकसान काय होईल, हेही त्यात धरतात. पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर वर्षाला पडणाऱ्या आपल्या भागात एका दिवसात १०० मिलिमीटर पडणं आणि महाबळेश्वरात १०० पडणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पिवळ्याखाली बहुतेक वेळा लिहिलेलं असतं "तुरळक ठिकाणी". याचा अर्थ मोजणीच्या ठिकाणांपैकी जास्तीत जास्त एक चतुर्थांश ठिकाणी. "काही ठिकाणी" म्हणजे निम्म्यापर्यंत, "अनेक ठिकाणी" म्हणजे तीन चतुर्थांशापर्यंत, त्यापुढे "बहुतेक ठिकाणी". तुरळक म्हटलं असेल तर चारपैकी तीन गावं कोरडी राहूनही अंदाज बरोबर ठरतो. बातमीतून तो शब्द पडला की संपूर्ण जिल्हा भिजायची वाट बघत बसतो. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत दीडशे किलोमीटरच्या वर पसरलेला अकरा तालुक्यांचा जिल्हा, आणि त्याला रंग एक.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. जिल्ह्याचा रंग म्हणजे कुणाच्या दारात किती पडणार याचं वचन नव्हे.

आता सीनेचं. पावसाचा इशारा हवामान खातं देतं. नदीचा इशारा जलसंपदा विभाग आणि केंद्रीय जल आयोग देतात. ही वेगवेगळी कार्यालयं, वेगवेगळी पत्रकं. सोलापूरचा पूर बहुतेक वेळा बाहेरून येतो. भीमेला पुणे जिल्ह्यातला पाऊस, नीरेला भोर-पुरंदरकडचा, सीनेला नगर-बीड-धाराशिवचा. म्हणून आपल्या नदीकाठच्या माणसाने वरच्या जिल्ह्यांचे रंग आधी बघायला हवेत आणि आपला नंतर. स्थानिक बातम्यांनी हे शिकवायला हवं होतं. भीमेच्या बाबतीत लोक शिकलेत. पंढरपूरच्या चहाच्या टपरीवर सुद्धा "दौंडचा विसर्ग किती" हे विचारतात. सीनेच्या बाबतीत तशी नजरच तयार झालेली नाही, कारण सीना म्हणजे कोरडी नदी असंच आपण वर्षानुवर्षं धरून चाललो.

जुना_उपसंपादक

वाचत होतो, लिहिल्याशिवाय राहवेना. सोलापुरात एका दैनिकाच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली. चुका कशा होतात ते आतून सांगतो.

रात्री दहा-साडेदहाला एजन्सीची बातमी येते. ती इंग्रजीत. मूळ पत्रक उघडायला वेळ नसतो. जिल्ह्यांच्या यादीतलं आपलं नाव शोधायचं, सापडलं की मथळा. वाऱ्याचा वेग पत्रकात असा असतो: ताशी ६० ते ७० किलोमीटर, झोत ८० पर्यंत. मथळ्यात येतं ८०. समुद्रातल्या बातम्यांत वेग नॉटमध्ये असतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. ६० नॉट हे "६० किलोमीटर" म्हणून छापले की वादळ जवळजवळ निम्मं होतं.

तारखेची गडबड तर रोजची. आपल्याकडे पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, आधीच्या २४ तासांचा. १४ तारखेच्या सकाळी नोंदलेला पाऊस बहुतांश १३ तारखेचा असतो. पेपरात १५ तारखेला येतं, "काल जिल्ह्यात १०० मिलिमीटर". लोकांना आठवतं की काल तर ऊन होतं. झालं, आकड्यावरचा विश्वास गेला. आणि हे नुसतं विश्वासाचं नाही. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेलं की अतिवृष्टी धरतात, पंचनाम्याला तोच आधार. कुठल्या मंडळात, कुठल्या २४ तासांत, हे बातमीत नीट आलं नाही तर शेतकरी चुकीची तारीख घेऊन तलाठ्याकडे जातो.

नावांबद्दल बाळीवेसकर सरांनी लिहिलं, त्यात भर. वारा ताशी ६२ किलोमीटरवर गेल्याशिवाय कमी दाबाच्या क्षेत्राला नाव मिळत नाही. नावांची यादी मात्र २०२० पासून उघड आहे, तेरा देशांनी दिलेली १६९ नावं. त्यामुळे पुढचं नाव कुठलं हे सगळ्यांना माहीत असतं आणि ते आधीच चिकटवायची घाई होते. मे २०२५ मध्ये कोकणासमोर कमी दाबाचं क्षेत्र होतं, ते २४ मे रोजी रत्नागिरी-दापोलीच्या मधून किनाऱ्यावर आलं. चक्रीवादळ झालंच नाही. पण कितीतरी ठिकाणी "शक्ती वादळ येतंय" चाललं होतं. खरं 'शक्ती' आलं ऑक्टोबरमध्ये. तेव्हा लोकांनी मेमधल्या क्लिपा पुन्हा फिरवल्या.

परदेशी आकड्यांचा मोह हा वेगळा रोग. २०१३ चं फायलिन. ओडिशाच्या किनाऱ्यावर येण्याआधी परदेशातून ताशी ३१५ किलोमीटरच्या झोतांचे आकडे येत होते, आपलं खातं वादळ कमी लेखतंय अशी टीका चालली होती. खातं २१० ते २२० वर ठाम राहिलं. १२ ऑक्टोबरला गोपाळपूरजवळ वादळ आलं ते त्याच्याच आसपास. मोजायची रीतही वेगळी असते. अमेरिकेत एका मिनिटाची सरासरी घेतात, आपल्याकडे तीन मिनिटांची. एका मिनिटाचा आकडा नेहमी मोठाच दिसणार. दोन्ही आकडे शेजारी छापून "हवामान संस्थांमध्ये मतभेद" असा मथळा दिलेला मी पाहिलाय.

प्रज्ञा_शिक्षिका

सगळ्यांचं पटतंय, पण एक प्रश्न. लाल इशारा आला की शाळांना सुट्टी, आणि मग दिवसभर ढग सुद्धा नाही. पालक आम्हाला विचारतात. पुढच्या वेळी सुट्टी दिली तर मुलं पोहायला विहिरीवर जातात. इशारा जरा जपून द्यायला नको का? चुकीच्या इशाऱ्यानेही नुकसान होतंच.

कासेगाव_बेदाणा

प्रज्ञाताई, अगदी माझ्या मनातलं बोललात. आमचं गणित सांगतो म्हणजे शहरातल्या लोकांना अंदाज येईल.

बेदाण्यासाठी द्राक्षं तोडून डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायची आणि शेडमधल्या जाळ्यांवर पसरायची. पंधरा दिवसांच्या आसपास सुकायला लागतात. फेब्रुवारी ते एप्रिल हे काम चालतं, आणि अवकाळीचे दिवसही तेच. शेडला वर पत्रा असतो, बाजू उघड्या, वारा खेळायला पाहिजे म्हणून. पाऊस आला, अगदी आत नाही आला तरी हवा दमट झाली, की हिरवा माल तांबूस-काळा पडायला लागतो. दर तिथेच पडला. म्हणून इशारा आला की बाजूंनी ताडपत्र्या सोडायच्या.

पण ताडपत्री सोडली की आत हवा कोंडते. वाळायचं थांबतं. एक रात्र चालतं. दोन दिवस तसंच ठेवलं तर आतल्या दमानेच माल खराब होतो, तळाच्या जाळीवरच्या घडांना बुरशीचा वास यायला लागतो. म्हणजे इशारा ऐकूनही नुकसान, न ऐकूनही नुकसान. "पुढचे चार दिवस अवकाळीची शक्यता" या बातमीचं मी काय करू? मला तास पाहिजेत. आज रात्री सोडू का उद्या दुपारी?

त्यासाठी बातमी उपयोगाची नाही, हे आता कळलंय. हवामान खातं पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज काढतं, तो बघतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप विजेसाठी आहे, ते २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यात वीज कुठे पडतेय ते दाखवतं. दामिनीत सांगोल्याकडे ठिपके दिसले आणि वारा तिकडून असला की मी गड्यांना हाक मारतो. शेडला जाऊन पोरांना उठवायचं, मधल्या दोऱ्या सोडायच्या, कडेच्या बांधायच्या, एवढं व्हायला वेळ लागतो. तीन तास पुरतात. एक तास पुरत नाही.

हर्णै_माहेर

प्रज्ञाताई, शाळेच्या सुट्टीचं समजू शकते. पण किनाऱ्यावर "जपून इशारा" हे मला मान्य नाही. तौक्तेच्या वेळी इशारे कित्येक दिवस आधीपासून होते. तरी मुंबईसमोरच्या समुद्रात तेलविहिरींवरच्या कामगारांचा पी-३०५ तराफा जागेवरच राहिला आणि १७ मे २०२१ ला बुडाला. त्याच्यावरची आणि सोबतच्या टगबोटीवरची मिळून ८० हून जास्त माणसं गेली. अंदाज बरोबर होता. कमी पडलं ते इशारा ऐकून हलणं. असं एकदा झालं की मग दहा वेळा बोटी उगाच आत घ्याव्या लागल्या तरी मी तक्रार करणार नाही.

बाळीवेसकर

प्रज्ञाताई आणि हर्णैच्या ताई, दोघींचं म्हणणं मी एकत्र घेतो. माझा कल ताईंकडे आहे, कारण सांगतो.

वादळ २४ तासांनी कुठे असेल हे खातं सांगतं, त्यात अलीकडच्या वर्षांत सरासरी ७०-८० किलोमीटरचा फरक पडतो. सोलापूर ते पंढरपूर एवढं अंतर. टीव्हीवर एक रेघ काढून दाखवतात, वादळ इथून इथे जाणार. पत्रकात रेघेच्या दोन्ही बाजूंनी रुंद होत जाणारा पट्टा असतो आणि त्या पट्ट्यात वादळ कुठेही जाऊ शकतं. पट्ट्यातल्या सगळ्यांना सावध करायचं म्हटलं की त्यातल्या बऱ्याच गावांना काहीच होणार नाही, हे ठरलेलंच आहे. त्याला फसलेला इशारा म्हणता येणार नाही.

१९९९ च्या ऑक्टोबरात ओडिशात सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ ला फायलिनच्या आधी दहा लाखांच्या आसपास लोक हलवले आणि मृत्यू पन्नासच्या आत राहिले. हलवलेल्या लाखो लोकांतल्या कितीतरी जणांच्या घराला धक्काही लागला नसेल. तरीही हलवणं बरोबर होतं.

पण कासेगावच्या मालकांचा मुद्दा याने सुटत नाही. शेतकऱ्याला जिल्ह्याचा रंग पुरत नाही, त्याला तास आणि मंडळ पाहिजे. महसूल मंडळात बसवलेली स्वयंचलित केंद्रं पाऊस मोजतात, पण तो पडून गेल्यावर. सोलापुरात आयआयटीएमने ढगांच्या अभ्यासासाठी रडार बसवलेलं आहे, कृत्रिम पावसाचे प्रयोग २०१८-१९ मध्ये इथेच झाले. रडारवरून ढग सरकताना दिसतो. ते चित्र वाचून "अमुक मंडळाकडे पाऊस सरकतोय" असं मराठीत सांगणारं माणूस जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात बसलं पाहिजे. हवामानाची पदवी घेतलेली मुलं आपल्याकडे आहेत. जिल्हा परिषद आणि जिल्हाधिकारी कार्यालयाने मनावर घेतलं तर हे होण्यासारखं आहे, आणि मी यासाठी अर्ज देणार आहे. सही करायला तयार असाल त्यांनी कळवा.

कासेगाव_बेदाणा

माझी सही धरा. आमच्या बागायतदार संघाच्या बैठकीत पण मांडतो.

सीनाकाठ

माझी पण. त्यात सीनेचं घाला. सीना-कोळेगाव धरणाचा विसर्ग वाढला की खालच्या गावांना लाऊडस्पीकरवर कळलं पाहिजे. ग्रुपवर नको. ग्रुपवर धरण रोजच फुटतंय.

जुना_उपसंपादक

सही आहेच. उजनीच्या टक्केवारीबद्दलही त्यात एक ओळ असू दे. "उजनी शंभर टक्के" ही बातमी येते तेव्हा लोकांना वाटतं धरण काठोकाठ भरलं, आता पूर. शंभर टक्के हे ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठ्याचं असतं, त्याखाली ६३.६६ टीएमसी मृतसाठा आहे. वर आणखी जागा असते, उजनी १११ टक्क्यांपर्यंत भरतात. पंढरपूरला पूर येतो की नाही हे टक्क्यांवर नसतं, दरवाजातून किती सोडलं आणि वीर धरणातून नीरेत किती आलं यावर असतं. नीरा नृसिंहपूरला संगमावर दोन्ही एकत्र होतात, तिथला आकडा खरा.

प्रज्ञा_शिक्षिका

ओडिशाचे आकडे वाचून माझं मत बदललंय असं नाही म्हणणार, पण सुट्टीच्या दिवशी पालकांना काय सांगायचं ते कळलं. आमच्या शाळेच्या ग्रुपवर आजपासून नियम करतेय. इशारा टाकायचा तर खात्याच्या पत्रकाचा फोटो पूर्ण टाकायचा, कापून नाही. तारीख आणि वेळ दिसली पाहिजे, "तुरळक" वगैरे शब्द दिसले पाहिजेत. व्हिडिओ अजिबात नाही. खात्री करायची तर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन.

काका, अर्जाचा मसुदा इथेच टाकाल का? आणि वीरचा विसर्ग कुठे बघायचा? आमच्या काही मुली पंढरपूरच्या व्यासनारायण झोपडपट्टीतल्या नातेवाइकांकडे जातात, पुराच्या दिवसांत विचारतात.

बाळीवेसकर

मसुदा रविवारपर्यंत टाकतो. वीरचा आणि उजनीचा विसर्ग जलसंपदा विभागाच्या रोजच्या पूरपत्रकात असतो, पुराच्या दिवसांत ते दिवसातून बऱ्याचदा निघतं. क्युसेक आहे की घनमीटर ते नीट बघा, एक घनमीटर म्हणजे ३५ घनफूट, तिथेही बातम्यांत घोळ होतो. उजनीचं पाणी पंढरपुरात यायला काही तास लागतात, त्यामुळे आकडा वाढताना दिसला की मुलींना त्याच वेळी सांगा, दगडी पूल बुडायची वाट बघू नका. झोपडपट्टीतल्या लोकांना नगरपालिका हलवते तेव्हा सामान हलवायला माणसं कमी पडतात. तुमच्या मोठ्या वर्गातल्या मुलांच्या पालकांपैकी कुणी तयार असेल तर त्यांची नावं नगरपालिकेकडे आधीच देऊन ठेवा.